साताऱ्याच्या घाटांत तीन दिवसांची सामूहिक सायकलस्वारी : तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

हिवाळा सुरू झाला की सातारा, कराड, सांगली आणि पुण्याकडील सायकलस्वारांचे गट शनिवार-रविवारला एखादी रजा जोडून महाबळेश्वरच्या दिशेने निघतात आणि बहुतेक गटांची एकाच पद्धतीने दमछाक होते. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सगळे जोशात असतात, दुसऱ्या दिवशी निम्मे जण सामानाच्या गाडीत बसतात आणि तिसऱ्या दिवशी जे सायकलवर उरतात ते थकलेल्या हातांनी घाट उतरतात. याचे खापर सहसा कमी सरावावर फोडले जाते. सराव लागतोच, परंतु ज्यांचा सराव पुरेसा असतो तेही याच रीतीने अडचणीत येतात, कारण चुकतो तो कामांचा क्रम. सायकल उशिरा तपासली जाते, खाणे भूक लागल्यावर सुरू होते, वेग पहिल्या तासात वाढतो आणि ‘कोणी कधी थांबायचे’ हा निर्णय घाटाच्या मध्यावर, धापा टाकत घेतला जातो.

पुढील सूचना एका ठरावीक मार्गाला धरून दिल्या आहेत, म्हणजे त्या हवेत राहणार नाहीत. पहिला दिवस : सातारा, मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर, सुमारे ५५ किलोमीटर. दुसरा दिवस : महाबळेश्वरहून तापोळा आणि परत, सुमारे ५० ते ५५ किलोमीटर. तिसरा दिवस : महाबळेश्वर, पाचगणी, पसरणी घाट, वाई, पाचवड, सातारा, सुमारे ६५ ते ७० किलोमीटर. सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर, तर महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे. अंतराचे आकडे पाहून हा मार्ग सोपा वाटतो, पण घाटात सायकलस्वाराने मोजायची ती उंची असते.

टप्पा १ : स्वतःची परीक्षा आणि सहा आठवड्यांचा सराव

नाव नोंदवण्याआधी एक परीक्षा द्यावी. साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटाने कास पठारापर्यंत जाऊन परत यावे. एका बाजूचे अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे आणि चढ जवळजवळ ५०० मीटरचा आहे. ही फेरी वेळ न मोजता करावी, मात्र एक अट पाळावी : दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सायकल काढून किमान दीड तास चालवता आली पाहिजे. दुसऱ्या दिवशी बैठक इतकी दुखत असेल की सीटवर टेकवत नाही, किंवा गुडघा पायऱ्या उतरताना कुरकुरत असेल, तर दोष सीटच्या उंचीत किंवा सरावाच्या अभावात आहे आणि तो आत्ताच कळलेला बरा. फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी कासच्या रस्त्यावर वाहनांची मोठी गर्दी असते, त्यामुळे ही परीक्षा त्या काळात ठेवू नये.

सरावाचा गाभा म्हणजे लागोपाठचे दोन दिवस. आठवड्यातून एकदाच शंभर किलोमीटर चालवणारा माणूस तीन दिवसांच्या स्वारीत मागे पडतो आणि शनिवारी चाळीस, रविवारी पुन्हा चाळीस चालवणारा टिकतो, कारण थकलेल्या पायांनी सुरुवात करण्याची सवय त्यालाच असते. सांगली-मिरजेकडच्या मंडळींची तक्रार असते की आमच्याकडे घाट कुठे आहे. दंडोबाचा डोंगर किंवा कोल्हापूरजवळचा पन्हाळ्याचा चढ एखाद-दुसऱ्या रविवारी करावा, परंतु सपाटीवरही घाटाचा निम्मा सराव होतो. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून, पेडल एकदाही न थांबवता, सलग ४५ ते ६० मिनिटे एकाच जोराने सायकल चालवावी. घाटात पायांना विश्रांती मिळत नाही. सपाटीवरील सायकलस्वार दर मिनिटाला नकळत चार-सहा सेकंद पेडल सोडतो आणि ही सवयच त्याला केळघरच्या पाचव्या वळणावर नडते.

शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणावा. आदल्या बुधवारी ‘एकदा जोर तपासून पाहू’ म्हणून घाट चढायला जाणारे शनिवारी त्याची किंमत मोजतात. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी सराव सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. निघण्याच्या आदल्या दिवशी घेतलेल्या सल्ल्याचा फारसा उपयोग नसतो.

टप्पा २ : सायकल, आणि त्यातही आधी गिअर

सायकल दुरुस्तीला निघण्याच्या किमान दहा दिवस आधी द्यावी, कारण नवी केबल ताणली जाते, नवे ब्रेक पॅड बसायला वेळ लागतो आणि बदललेल्या चेनचे मागच्या जुन्या दात्यांशी जमते की नाही हे दोन-तीन फेऱ्यांनंतरच कळते. शुक्रवारी संध्याकाळी दुकानातून आणलेली ‘एकदम टकाटक’ सायकल शनिवारी पहिल्या चढावर चेन उडवते, हा प्रकार इतका नेहमीचा आहे की त्याला अपघात म्हणू नये.

गिअरचा हिशेब सोपा आहे आणि तो प्रत्येकाने स्वतः करावा. पुढच्या लहान चक्राला ३४ दाते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला ३४ दाते असतील, तर पेडलच्या एका फेरीत चाक एकदा फिरते आणि सायकल सुमारे २.१ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तर वेग ताशी साधारण साडेसात किलोमीटर होतो. मागचे मोठे चक्र २८ दात्यांचे असेल, तर त्याच ६० फेऱ्यांसाठी ताशी सव्वानऊ किलोमीटर वेग ठेवावा लागतो. सामान्य सायकलस्वाराला दहा-बारा किलोमीटरच्या सलग चढावर तो झेपत नाही, मग फेऱ्या ४० वर येतात आणि सगळा भार गुडघ्यांवर जातो. तेव्हा अशा सायकलला मागे ३२ किंवा ३४ दात्यांची कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, बसवून घ्यावी, मात्र आपला डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) एवढे मोठे चक्र पेलतो का, हे मेकॅनिकला आधी विचारावे. हलक्या गिअरची लाज बाळगणारे बरेच आहेत. घाटात त्यांना सायकल हातात धरून चालताना पाहिले की हा विषय आपोआप मिटतो.

ब्रेकच्या बाबतीत दोन गोष्टी पाहाव्यात. डिस्क ब्रेकच्या पॅडवरील घर्षणाचा थर एक मिलिमीटरच्या आसपास उरला असेल, तर पॅड बदलूनच निघावे, कारण पसरणी घाटासारखा लांब उतार उरलेला थर झपाट्याने खातो. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या धातूच्या कडेवर दाबणारे ब्रेक असतील, तर रबरी पॅडमध्ये रुतलेले खडीचे व धातूचे कण टोकदार वस्तूने काढून टाकावेत. पॅड रिमवरच टेकतो ना, टायरला घासत नाही ना, हेही चाक फिरवून पाहावे. भाड्याने किंवा उसनी घेतलेली सायकल असेल, तर उजवा दांडा पुढचा ब्रेक लावतो की मागचा, याची खात्री मोकळ्या मैदानात करून घ्यावी. ही व्यवस्था प्रत्येक सायकलवर सारखी नसते आणि ओल्या वळणावर ती शिकायची नसते.

टायरमधील हवा बाजूवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत भरण्याचा मोह टाळावा. ३२ मिलिमीटरच्या टायरला मध्यम वजनाच्या माणसासाठी ५५ ते ६५ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) पुरेशी असते. त्याहून जास्त भरली की खडबडीत रस्त्यावर सायकल उड्या मारते आणि वळणावर पकड सुटते.

प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवायच्या वस्तू : आपल्या चाकाच्या मापाच्या दोन ट्यूब, पंक्चर किट, टायर काढायच्या दोन पट्ट्या, आपल्या व्हॉल्व्हला बसणारा पंप, चेन तोडायचे अवजार असलेला अवजारांचा छोटा संच, चेनची जोडकडी आणि डिरेलरचा हँगर, म्हणजे डिरेलर सायकलच्या सांगाड्याला जोडणारा तुकडा. शेवटची वस्तू बहुतेक जण विसरतात. सायकल उजव्या अंगावर पडली की हा लहानसा तुकडा वाकतो किंवा तुटतो आणि जवळजवळ प्रत्येक मॉडेलचा हँगर निराळा असल्याने तो मेढ्यात किंवा महाबळेश्वरात मिळण्याची आशा धरू नये. पंपही स्वतःच्याच व्हॉल्व्हवर लावून पाहावा, कारण एकाच गटात तीन प्रकारचे व्हॉल्व्ह असतात आणि ‘कोणाकडे तरी पंप आहेच’ या भरवशावर अख्खा गट रस्त्याकडेला उभा राहतो.

सावधान : सायकल गाडीतून साताऱ्यापर्यंत आणताना चाके काढली असतील, तर हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने चालणाऱ्या) डिस्क ब्रेकचा दांडा चुकूनही दाबू नये. पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. पॅडच्या फटीत जाड पुठ्ठ्याची घडी घालून ठेवावी.

टप्पा ३ : गटाची रचना आणि आधीच ठरवायचे नियम

बारा-पंधरा जणांचा एकच लांब ताफा करू नये. घाटरस्त्यावर एसटीला किंवा मालवाहू गाडीला एवढ्या सायकली एकदम ओलांडता येत नाहीत, मग चालक मध्येच शिरतो. पाच-सहा जणांचे उपगट करावेत आणि दोन उपगटांत एका बसची लांबी सहज मावेल, त्याहूनही जास्त अंतर ठेवावे. प्रत्येक उपगटात पुढे एक जण आणि शेवटी एक जण नेमलेला असावा. शेवटचा माणूस हा गटातील सर्वांत सावकाश चालवणारा नसावा, तर अनुभवी, दुरुस्ती जाणणारा आणि संयम असणारा असावा. बहुतेक गटांत नेमके उलटे होते : जो मागे पडतो तोच आपोआप शेवटचा ठरतो आणि त्याची चेन तुटली की त्याच्याजवळ कोणीच नसते.

सामानाच्या गाडीच्या चालकाला लेखी सूचना द्याव्यात. गाडीने सायकलींच्या मागे ताशी आठ किलोमीटर वेगाने रांगत येऊ नये. त्यामुळे मागे वाहनांची रांग लागते आणि वैतागलेले चालक वळणावरच ओव्हरटेक करतात. गाडीने पुढे जाऊन ठरलेल्या जागी, वळण सोडून, रुंद कडेला थांबावे, शेवटचा सायकलस्वार गेला की पुढच्या जागी जावे.

आता वेळेची मर्यादा. साताऱ्याहून सकाळी साडेसहाला निघाल्यास केळघर गावात साडेदहापर्यंत पोहोचले पाहिजे. त्यानंतर पोहोचणाऱ्याने घाट गाडीतून चढायचा, हे आदल्या रात्री सर्वांच्या समोर ठरलेले असावे. नियम आधी ठरलेला असला की गाडीत बसण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही आणि नेत्यालाही कोणाशी हुज्जत घालावी लागत नाही. डिसेंबरात या भागात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, डोंगराच्या आडोशाला अंधार त्याहीआधी पडतो. म्हणून साडेचारनंतर कोणीही घाटात नसावे. साडेसहाला निघताना अर्धवट उजेड असतो, तेव्हा पुढचा व मागचा दिवा प्रत्येकाच्या सायकलला हवाच.

तपासणी : प्रत्येकाच्या खिशात नाव, रक्तगट, चालू औषधे आणि घरच्यांचा क्रमांक लिहिलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत असावा. मोबाइलमधील माहिती कुलूपबंद पडद्यामागे राहते. आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत, परंतु घाटांत आणि तापोळ्याच्या बाजूला नेटवर्क जाते-येते, त्यामुळे मार्गाचा नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवावा आणि भेटण्याच्या जागा कागदावर लिहून घ्याव्यात.

ऋतूबाबत एकच सांगणे आहे. ही स्वारी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावी. पावसाळ्यात घाट सुंदर दिसतो हे खरे, पण दाट धुक्यात मागच्या गाडीला सायकल दिसत नाही आणि दरडी येतात. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत महाबळेश्वर परिसरातील घाटरस्ते जागोजाग खचले होते. निघण्याच्या आठवडाभर आधी त्या मार्गावर रस्त्याचे काम सुरू आहे का, याची चौकशी स्थानिकांकडे करावीच. उकरून ठेवलेल्या रस्त्यावर अरुंद टायरची सायकल तासभर उशीर करते.

टप्पा ४ : पहिला दिवस, आवरून चालवण्याचा

साताऱ्याहून मेढ्यापर्यंतचा रस्ता कण्हेर धरणाच्या पाणलोटाजवळून, बऱ्याच अंशी सौम्य चढ-उतारांचा आहे. नेमका हाच भाग घातक ठरतो. सकाळची थंडी, ताजे पाय आणि पुढच्याच्या मागे लागण्याची ओढ यांमुळे गट ताशी पंचवीसचा वेग धरतो, आणि केळघरला पोहोचेपर्यंत घाटासाठी राखलेली शक्ती सपाटीवर खर्च झालेली असते. मेढ्यापर्यंत असा वेग ठेवावा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. वाक्य तुटायला लागले की वेग जास्त झाला असे समजावे. हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ नसेल, तर याहून भरवशाचे साधन नाही.

खाणे घड्याळ पाहून करावे. निघाल्यावर ४० मिनिटांनी पहिला घास पोटात जायला हवा आणि पुढे दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके मिळतील असे खावे. एका मध्यम केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात, म्हणजे एक केळे आणि गुळाची चिक्की किंवा तीन-चार खजूर एवढे दर तासाला पुरते. मेढ्यात गरम वडापाव किंवा मिसळ खाऊन घाट चढायला लागणाऱ्यांची गत वेगळी सांगायला नको. तळलेले आणि झणझणीत पदार्थ पोटात रेंगाळतात आणि चढावर मळमळ सुरू होते. पोहे, उपमा, इडली चालेल, तेही निम्म्या ताटावर थांबून. केळी मात्र पिशवीतच ठेवावीत. घाटातील माकडांना हँडलला लटकवलेली पिशवी दिसली की तिच्यावर आपला हक्क राहत नाही.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोट-घोट करून प्यावे. थंडीत तहान लागत नाही म्हणून बाटली भरलेलीच राहते आणि दुपारी डोके दुखू लागते.

सावधान : ओआरएसची जी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, ती पूर्ण एक लिटरमध्येच मिसळावी. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खी पुडी टाकून ‘कडक’ केलेले पाणी पोट बिघडवते. दोन बाटल्यांत निम्मी-निम्मी घालावी आणि निम्मी पुडी अंदाजे होत असेल, तर घरूनच मोठ्या बाटलीत मिसळून आणावे.

घाट सुरू होताच गट मोडावा. चढावर एकत्र राहण्याचा आग्रह सगळ्यांनाच त्रास देतो, कारण जो स्वतःच्या लयीपेक्षा हळू चालवतो तोही थकतो आणि जो जोरात चालवतो तो तर थकतोच. प्रत्येकाने आपल्या लयीत चढावे आणि ठरलेल्या जागी थांबावे. चढ तीव्र होण्याच्या आधीच, पेडलवरचा जोर क्षणभर कमी करून, हलका गिअर टाकावा. पूर्ण जोर लावलेला असताना गिअर बदलला की चेन अडकते आणि माणूस सायकलसकट आडवा होतो. सीटवरून उठून पेडल मारायचे असेल, तर मागच्याला ‘उठतोय’ असे सांगून उठावे, कारण उठताना सायकल काही इंच मागे येते आणि मागच्याचे पुढचे चाक तिला भिडते. वळणाच्या आतल्या कडेला चढ सर्वांत तीव्र असतो. मागे-पुढे वाहन नसल्याची खात्री असेल तेव्हाच आपल्या बाजूच्या मध्यावरून जावे, एरवी कडा सोडू नये.

थांबण्याच्या जागी एक चूक हमखास घडते. पुढचे चौघे वीस मिनिटे बसलेले असतात, गप्पा झालेल्या असतात, चहा झालेला असतो. शेवटचा सायकलस्वार लालबुंद चेहऱ्याने येतो, हेल्मेटचा पट्टा सोडतो आणि तेवढ्यात ‘चला, सगळे आले’ अशी हाक येते. ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज आहे त्याला ती सर्वांत कमी मिळते आणि पुढच्या थांब्यावर तो आणखी मागे असतो. म्हणून विश्रांतीची दहा मिनिटे शेवटचा माणूस आल्यावर मोजायला सुरुवात करावी. पुढच्यांना थंडी वाजत असेल, तर त्यांनी जॅकेट घालावे.

टप्पा ५ : पहिली संध्याकाळ

दुसरा दिवस कसा जाणार, हे महाबळेश्वरला पोहोचल्यानंतरच्या दोन तासांत ठरते. क्रम असा ठेवावा : आधी पाणी आणि काहीतरी खाणे, मग आंघोळ, मग सायकल, मग जेवण आणि लवकर झोप. पोहोचल्यावर अर्ध्या तासात दूध-केळे, दहीभात किंवा शेंगदाण्याचा लाडू असे पिष्ट आणि प्रथिने मिळून असणारे काही खावे. बहुतेक जण ओल्या घामट कपड्यांत बाजारात फिरायला जातात, स्ट्रॉबेरी-क्रीम खातात आणि रात्री नऊला तिखट जेवणावर ताव मारतात. स्ट्रॉबेरीबद्दल तक्रार नाही, ती तिसऱ्या दिवशी जाताना घ्यावी. मद्याचा विषय मात्र तडजोडीचा नाही : त्याने झोप उथळ होते, शरीरातील पाणी कमी होते आणि सकाळचा कार्यक्रम लांब उताराचा आहे.

सायकलची पॅड असलेली चड्डी आत दुसरे वस्त्र न घालता वापरायची असते आणि ती रोज स्वच्छ हवी. महाबळेश्वरच्या थंड, दमट रात्री धुतलेली चड्डी सकाळपर्यंत वाळेल या भ्रमात राहू नये, तीन दिवसांसाठी तीन न्याव्यात. बैठकीच्या जागी घर्षण जाणवू लागले असेल, तर त्याच रात्री जागा धुऊन, कोरडी करून, सकाळी पेट्रोलियम जेली लावावी. फोड आल्यावर उपाय राहत नाही.

तपासणी : झोपण्यापूर्वी चाके फिरवून ब्रेक, टायरमध्ये घुसलेले काचेचे वा तारेचे तुकडे आणि मागच्या चाकाच्या तारा पाहाव्यात. हळू पंक्चर रात्रीत हवा सोडते आणि सकाळी सातला पूर्ण गटाची वाट अडवते.

टप्पा ६ : दुसरा दिवस, उलट्या क्रमाचा

तापोळ्याचा दिवस फसवा आहे, कारण तो उताराने सुरू होतो. महाबळेश्वरहून निघालेला रस्ता शिवसागर जलाशयाच्या काठापर्यंत जवळजवळ ७०० मीटर खाली जातो. सकाळी पायांना काम नसते, तासाभरात तापोळा येते, पाण्याच्या काठी मंडळी रमतात आणि परतीचा सगळा चढ दुपारच्या उन्हात, कालच्या थकलेल्या पायांवर येऊन पडतो. पहिल्या दिवशीचा घाट चढल्याच्या आनंदात कोणी हा हिशेब केलेला नसतो.

म्हणून तापोळ्याहून परत निघण्याची वेळ आधी ठरवावी आणि ती साडेदहाच्या पलीकडे नेऊ नये. होडीत फिरायचे असेल, तर ते याच वेळेत बसवावे. उताराने जातानाच परतीच्या चढावर कुठे सावली आहे, कुठे रुंद कडा आहे आणि कुठे पाणी मिळेल, हे नजरेत साठवत जावे. परतीला प्रत्येकाकडे दोन भरलेल्या बाटल्या असल्याशिवाय पुढच्या माणसाने गट हलवू नये.

ज्यांचे गुडघे आदल्या रात्रीपासून दुखत आहेत त्यांनी हा दिवस गाडीतून करावा, किंवा महाबळेश्वरातच राहून तासभर सपाटीला हलके पेडल मारावे. स्नायूंचा ठणका चालवता चालवता कमी होतो. गुडघ्याच्या वाटीखाली किंवा बाजूला एका ठिकाणी टोचणारी वेदना वाढतच जाते. हा फरक ओळखून तिसरा दिवस वाचवावा.

टप्पा ७ : तिसरा दिवस, उतार आणि महामार्ग

या दिवशी वेळ पाळणे हीच अर्धी सुरक्षितता आहे. सुटीच्या दिवशी सकाळी दहानंतर वाईकडून पर्यटकांच्या गाड्यांची रांग पसरणी घाट चढू लागते आणि ओव्हरटेक करणारी गाडी वळणावर आपल्या बाजूला आलेली असते. महाबळेश्वरहून सातला निघून पाचगणीत फार न रेंगाळता साडेनऊपर्यंत घाट उतरलेला असावा. पाचगणी सुमारे १२९० मीटरवर आणि वाई सुमारे ७२० मीटरवर आहे, दोहोंमधील अंतर १२-१३ किलोमीटर. म्हणजे उतार सरासरी साडेचार टक्क्यांचा आहे आणि तो बराच वेळ संपत नाही.

घाटाच्या माथ्यावर थांबून वारा अडवणारे जॅकेट आणि हातमोजे घालावेत. थंडीने आखडलेली बोटे ब्रेक उशिरा दाबतात. नंतर एकेकाने, किमान ३० ते ५० मीटर अंतर ठेवून निघावे आणि उतारावर एकमेकांना ओलांडू नये. वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच वेग कमी करावा. वळणात शिरल्यावर ब्रेक सोडून, बाहेरच्या बाजूचे पेडल खाली दाबून, नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवावी. कडेची बारीक खडी आणि वळणावर सांडलेले डिझेल यांवर ब्रेक लावला की चाक घसरते, म्हणून ती जागा ओलांडेपर्यंत सायकल सरळ ठेवावी. ब्रेक सतत हलका दाबून धरू नये, दोन्ही ब्रेक जोराने लावावे, वेग उतरला की सोडावे, पुन्हा लावावे. सतत घासणाऱ्या पॅडने रिम तापते आणि आतली ट्यूब फुटू शकते. हातांना कळ लागली किंवा जळका वास आला, तर रुंद कडा पाहून थांबावे.

सावधान : थांबल्यावर डिस्क किती तापली हे बोट लावून पाहू नये. भाजते. आणि तापलेल्या डिस्कवर पाणीही ओतू नये, ती वाकते.

वाईत पोट भरून नाश्ता करावा, कारण धोका संपला असे वाटण्याची जागा हीच आहे. वाई ते पाचवड आणि पुढे महामार्गाने सातारा हा सुमारे ३५ किलोमीटरचा तुकडा चढाचा नाही, मात्र वर्दळीचा आहे. ऊसगाळपाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस आणि मागे दिव्याचा पत्ता नाही, असे वाहन या पट्ट्यात वारंवार भेटते. अशा ट्रॉलीच्या आडोशाने वाऱ्यापासून वाचत जाण्याचा मोह काही तरुणांना होतो. पुढचा ट्रॅक्टर खड्डा चुकवतो, मागची ट्रॉली आडवी झुलते आणि सायकलस्वाराला खड्डाही दिसलेला नसतो. ट्रॉलीपासून पंचवीस-तीस मीटर मागे राहावे, ओलांडताना दुसऱ्या ट्रॉलीच्याही पुढे जायचे आहे हे धरून मोकळा रस्ता पाहावा आणि गळून पडलेल्या उसाच्या कांड्यांवरून चाक नेऊ नये, ती गोल फिरतात. महामार्गावर जिथे सेवा रस्ता आहे तिथे तोच वापरावा, एकामागे एक चालावे आणि उड्डाणपुलाच्या तोंडाशी, जिथे सेवा रस्ता मुख्य रस्त्याला मिळतो, तिथे थांबून मागे पाहूनच पुढे जावे.

टप्पा ८ : साताऱ्यात पोहोचल्यावर

चारचाकीने पुढे सांगली किंवा पुण्याला जाणाऱ्याने लगेच स्टिअरिंग हाती घेऊ नये. जेवून, तासभर पाठ टेकवून निघावे किंवा सामानाच्या गाडीच्या चालकाला थांबवून ठेवावे. पांगण्यापूर्वी नेत्याने सर्वांची हजेरी घ्यावी, कारण मागे राहिलेला एखादा ‘तो गाडीत असेल’ आणि ‘तो सायकलवर असेल’ या दोन समजांच्या मध्ये हरवतो. हिशेब त्याच दिवशी मिटवावा.

सायकल दुसऱ्या दिवशी धुऊन चेनला तेल द्यावे आणि ब्रेक पॅड पुन्हा मोजावेत. तीन दिवसांच्या घाटाने ते निघतानाच्या तुलनेत किती झिजले, हा आकडा लिहून ठेवला की पुढच्या वेळी पॅड कधी बदलायचे, याचा अंदाज करावा लागत नाही. पहिले दोन दिवस विश्रांती, तिसऱ्या दिवशी अर्धा तास हलके पेडल. बैठकीच्या जागी फोड राहिला असेल, तर तो सुकेपर्यंत सायकलवर बसू नये.